येऊरची वाट बिघडली आहे, हे ओळखायचं कसं?

प्रश्न असा आला आहे: आमचा ग्रुप रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जातो, सापडेल तो कचरा गोळा करून आणतो, वाटाही छान दिसतात, मग जुनी मंडळी 'वाटांची वाट लागली' म्हणून का ओरडतात?

मंडळींचं बरोबर आहे. तुम्हाला ते दिसत नाही यातही नवल नाही. बहुतेकांना जंगलात आधी काय खटकतं? प्लास्टिक, खोडावर कोरलेली नावं, चुलीची राख. तिथे माणसाचा हात उघड दिसतो. वाहून गेलेल्या मातीचं तसं नाही. ती गेलेली असते, मग दिसणार कशी? उरतं ते निसर्गानेच तसं घडवलंय असं वाटतं. उघड्या पडलेल्या मुळांवर पाय देत आपण चढतो आणि 'नैसर्गिक पायऱ्या' म्हणून फोटोही टाकतो. त्या मुळांवर कधीकाळी माती होती, हे कुणाच्या मनात येत नाही.

रुंदीचंही तेच. ऐसपैस वाट दिसली की बरं वाटतं. पाड्यावरची माणसं एकामागोमाग एक जातात, त्यांची वाट पाऊलभरच राहते. आपण तिघे-चौघे गप्पा मारत बरोबरीने चालतो, चिखल आला की बूट वाचवायला कडेच्या गवतातून जातो. पुढच्या आठवड्यात त्या कडेचाही चिखल, मग त्याच्याही पलीकडून. बूट धुता येतात हो, चिखलातूनच जा.

आपल्याकडे खाली बेसाल्टचा कातळ, वर मुरूम आणि उतारावर मातीचा पातळ थर. सतत पाय पडून घट्ट झालेल्या मातीत पाणी कमी मुरतं, ते वाटेवरूनच धावू लागतं. वाट उताराला आडवी असेल तर पाणी एका बाजूला निघून जातं. नाकासमोर सरळ चढणारी वाट मात्र पावसाळ्यात ओहोळ होते आणि दिवाळीपर्यंत तिथे नुसता घसारा उरतो. म्हणून वळण तोडून मारलेला शॉर्टकट मला कचऱ्यापेक्षा जास्त सलतो. वेफर्सचं पाकीट कुणीही उचलेल, माती परत कोण आणणार? खारघरच्या टेकडीवर झाडी कमी, त्यामुळे हिरव्या गवतातले असे तांबूस ओरखडे खालूनही ओळखू येतात.

आता 'गर्दी टाळायला नवी वाट शोधू' हा लाडका विचार. डेव्हिड कोल आणि नील बेफील्ड या संशोधकांनी १९९३ साली झाडोरा तुडवण्याच्या प्रयोगाची एक पद्धत मांडली: अर्धा मीटर रुंद, दीड मीटर लांब पट्टे आखायचे, एक तसाच ठेवायचा आणि बाकीच्यांवरून २५, ७५, २००, ५०० वेळा चालायचं. अशा प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं की नाजूक झाडोऱ्याचं बरंचसं नुकसान पहिल्या थोड्या फेऱ्यांतच होतं, नंतरच्या पावलांनी त्यात तुलनेने कमी भर पडते. म्हणजे जुन्या वाटेवर पन्नास माणसं वाढली तरी चालतील, पण कारवीच्या झुडपांतून पाच जणांनी नवी वाट पाडू नये.

नजरेवर विसंबू नका. ज्याने वाट पहिल्यांदा जशी पाहिली, त्याला ती तशीच मूळची वाटते. दोन वर्षांपूर्वी येऊ लागलेल्याला उघडी मुळंच नेहमीची. तीन-चार जागा ठरवा. मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर, त्याच दगडावर उभं राहून, मापाला काठी ठेवून फोटो काढा. रुंदी टेपने मोजा. कडेच्या मुळाखाली किती बोटं जातात तेही लिहून ठेवा.

आणि उत्साहाच्या भरात स्वतः दगड रचायला जाऊ नका. वाटेवर तिरके दगड लावून पाणी बाहेर काढतात हे खरं, पण चुकीच्या कोनात लावले तर पाणी भलतीकडेच माती खातं. शिवाय येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथला दगड परवानगीशिवाय हलवायचा नसतो. दोन मोसमांचे फोटो घेऊन वन खात्याच्या कार्यालयात जा, आणि पहिला फोटो शॉर्टकटचा दाखवा.