नव्या लिनक्स संगणकावर जुना फर्मवेअर प्रकल्प बिल्ड होत नाही : कोणती त्रुटी आधी सोडवावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : कॉर्टेक्स-एम४ मायक्रोकंट्रोलरसाठी सी भाषेत लिहिलेला प्रकल्प जुन्या संगणकावर जीसीसी ९ ने (जीसीसी म्हणजे सी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर) विनातक्रार बिल्ड होत होता, नव्या संगणकावर जीसीसी १२ घेतल्यापासून मात्र त्रुटींनी पडदा भरून जातो आणि शेवटी मेक, म्हणजे बिल्डच्या आज्ञा चालवणारे साधन, 'एरर १' म्हणून थांबतो. त्यांपैकी दोन त्रुटी तुम्ही दिल्या आहेत : एक 'मल्टिपल डेफिनिशन'ची आणि दुसरी 'व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स'ची.

त्या शेवटच्या ओळीत काही शोधू नका. मेकने चालवलेली एखादी आज्ञा अयशस्वी झाली, एवढेच ती सांगते. खरे कारण वर कुठेतरी असते आणि अनेक फाइली एकाच वेळी कंपाइल होत असतील तर ते दुसऱ्याच फाइलींच्या संदेशांत मिसळून जाते. म्हणून मेक एका वेळी एकच काम करील असा चालवा, स्टँडर्ड एररसह (त्रुटिसंदेशांच्या वेगळ्या प्रवाहासह) सगळे आउटपुट एका फाइलमध्ये साठवा आणि वरून वाचत पहिल्या त्रुटीपाशी थांबा. हेडरमध्ये, म्हणजे अनेक सी फाइलींत घेतल्या जाणाऱ्या सामायिक फाइलमध्ये, एक अर्धविराम द्यायचा राहिला तरी तो हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये तक्रारी उमटतात, त्यामुळे त्रुटींच्या संख्येला घाबरण्याचे कारण नाही.

त्यानंतर ती त्रुटी कोणत्या टप्प्यावर आली हे ठरवा; माझ्या मते याआधी एकही फ्लॅग (आज्ञेत दिलेला पर्याय) बदलू नये. संदेशात फाइलचे नाव, ओळ आणि स्तंभ दिलेला असेल तर बहुधा प्रीप्रोसेसर किंवा कंपायलर बोलतो आहे. 'कलेक्ट२' आणि 'एलडी' ही नावे दिसली तर कंपाइल झालेले आहे आणि अडचण लिंकिंगची, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडण्याची, आहे. हेडर सापडत नसेल तर त्याच्या नावातील लहानमोठी अक्षरे तपासा, कारण विंडोजवर चालून गेलेला फरक लिनक्सवर चालत नाही.

तुम्ही दिलेल्या दोन्ही त्रुटी लिंकरच्या आहेत. पहिली, 'मल्टिपल डेफिनिशन', थेट आवृत्तीबदलातून आलेली दिसते. एखाद्या हेडरमध्ये 'इंट काउंटर;' असे लिहिले असेल, तर तो हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये त्या चलाची व्याख्या तयार होते. जुन्या आवृत्त्या अशा व्याख्या मुकाट्याने एकत्र करत. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून ही सवलत मूळ सेटिंगमधून काढली गेली. हेडरमध्ये 'एक्स्टर्न इंट काउंटर;' ठेवा आणि व्याख्या एकाच सी फाइलमध्ये करा. 'एफकॉमन' हा फ्लॅग देऊन जुने वर्तन परत आणता येते, पण तसे करू नका, कारण दोन फाइलींमध्ये त्याच नावाचे वेगवेगळ्या प्रकारचे चल असले तरी ते एकाच जागेवर बसू शकतात आणि तो दोष थेट बोर्डावर, भलत्याच ठिकाणी प्रकट होतो.

दुसऱ्या संदेशात म्हटले आहे की ग्रंथालयातील ऑब्जेक्ट फाइल 'व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स' वापरते आणि तुमची ईएलएफ फाइल (लिंकिंगमधून तयार होणारी अंतिम फाइल) ती वापरत नाही. म्हणजे ग्रंथालय हार्ड फ्लोट एबीआयने (एबीआय म्हणजे फंक्शनला मूल्ये कशी पोचवायची याचे नियम) बांधलेले आहे आणि तुमचा कोड सॉफ्ट किंवा सॉफ्टएफपीने. फ्लोट आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिलेल्या दशांश संख्या) एक बाजू व्हीएफपी रजिस्टरमध्ये, म्हणजे दशांश गणितासाठीच्या वेगळ्या रजिस्टरमध्ये, शोधते आणि दुसरी साध्या रजिस्टरमध्ये ठेवते, म्हणून लिंकर दोन्ही जोडायला नकार देतो. रीडएल्फ हे ऑब्जेक्ट फाइलींची माहिती दाखवणारे साधन मोठ्या ए पर्यायासह दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींवर चालवा : 'टॅग एबीआय व्हीएफपी आर्ग्ज' ही ओळ एकीत दिसेल, दुसरीत दिसणार नाही. चिपमध्ये एफपीयू (दशांश गणित करणारा भाग) आहे याची डेटाशीटवरून खात्री करून घ्या, कारण कॉर्टेक्स-एम४ मध्ये तो ऐच्छिक असतो. असल्यास फ्लोट एबीआय, एफपीयू आणि सीपीयू हे तिन्ही फ्लॅग प्रत्येक फाइलच्या कंपाइल आज्ञेत आणि लिंकच्या आज्ञेतही तंतोतंत सारखे द्या. लिंकच्या आज्ञेत ते राहून जाणे फार सर्रास घडते, आणि मग जीसीसी स्वतःबरोबरच्या ग्रंथालयांची चुकीची प्रत निवडतो. एफपीयू नसल्यास मात्र ग्रंथालयाची सॉफ्ट फ्लोट प्रतच मिळवावी लागेल.

फ्लॅग बदलल्यावर जुन्या ऑब्जेक्ट फाइली काढून टाका, कारण साधी मेकफाइल फ्लॅगमधील बदल ओळखत नाही. एवढे करूनही अडलात तर पहिल्या त्रुटीची संपूर्ण ओळ आणि ती ज्या आज्ञेतून आली ती आज्ञा जशीच्या तशी प्रश्नात जोडा.