सीएसएमटी आतून पाहताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलांना घेऊन मुंबईला येतोय. सीएसएमटीची इमारत दर वेळी बाहेरूनच दिसते. या खेपेला गाईडबरोबर आत जायचंय. कसं जमवावं? (सांगली)

उत्तर : सगळ्यात आधी वार बघा. या इमारतीत मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, म्हणून आतला वारसा-भाग आणि संग्रहालय कामाच्या दिवशीच दाखवतात: सोमवार ते शुक्रवार, दुपारी 3 ते 5. बाहेरगावचे लोक शनिवार-रविवार धरून येतात आणि बंद दारावरून परततात. सरकारी सुट्टी मध्ये येते का, तेही तपासा.

दुसरी चूक होते ती दाराची. लोकलमधून उतरून फलाटावरच चौकशी करत बसू नका. स्टेशनच्या बाहेर पडा आणि दादाभाई नौरोजी मार्गाकडच्या, घुमटाखालच्या बाजूला या. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ दिसला की ठिकाण बरोबर. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. 3 वाजायच्या पाच-दहा मिनिटं आधीच पोहोचा, कारण 5 नंतर कुणी थांबू देत नाही आणि दोन तास पुरतात-न पुरतात. ओळखपत्र जवळ ठेवा, विद्यार्थ्यांचं तर नक्कीच. मोठ्या बॅगा आणू नका. आत चालू कार्यालय आहे, म्हणून गाईड सांगेल तिथेच फोटो काढा.

प्रश्न : गाईड भराभर सांगत पुढे जातात. नेमकं काय चुकवू नये? (ठाणे)

उत्तर : घुमटाखालचा जिना. बाकी धावत पाहिलंत तरी चालेल, इथे मात्र पाय रोवून उभे राहा.

पायऱ्यांची एकच बाजू भिंतीत रोवलेली आहे, दुसरी बाजू मोकळी. मोकळ्या कडेला खांब नाही. भिंतीतून बाहेर आलेली प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकते आणि भार भिंतीकडे जातो. जिन्याच्या तळाशी, कठड्यापासून दोन पावलं मागे सरून वर बघा, म्हणजे मोकळी कड वळत वर जाताना दिसते. कठड्याच्या लोखंडी नक्षीवर हातभर अंतरावरून नजर टाका, मग मान वर करा.

वरचा घुमट अष्टकोनी आहे, दगडी फासळ्यांचा. असा घुमट बांधताना एरवी खालून लाकडी साचा उभारतात, दगड त्यावर टेकवतात आणि सांधे पक्के झाले की साचा काढतात. इथे साच्याशिवाय काम झालं. फासळ्या एकमेकींत खाचांनी अडकवल्या आहेत, त्यामुळे बांधकाम चालू असतानाच त्या एकमेकींना धरून राहिल्या. त्या काळी हे मोठं धाडस होतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर 1878 साली काम सुरू झालं आणि 1888 साली पुरं झालं. खर्च साधारण सव्वासोळा लाख रुपये. 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं.

प्रश्न : घुमटावरची बाई म्हणजे राणी व्हिक्टोरियाच ना? (नागपूर)

उत्तर : नाही. ती ‘प्रगती’ आहे: उजव्या हातात मशाल, डाव्या हातात आऱ्यांचं चाक. राणीचा पुतळा खाली, दर्शनी घड्याळाच्या खालच्या कोनाड्यात होता. आज तो कोनाडा रिकामा आहे.

मराठी माणसानं राणीपेक्षा दर्शनी भिंतीवरचे गोल कोरीव चेहरे शोधावेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई आहेत आणि आपले जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, 34 किलोमीटर. ती रेल्वे यावी म्हणून झटणाऱ्यांत नाना होते. 1865 मध्ये ते गेले, ही इमारत त्यांनी पाहिली नाही. चेहरे बरेच उंचावर आहेत. घरात दुर्बीण असेल तर आणा. मोबाइलच्या झूममध्ये नाक-डोळे पुसट होतात. दुर्बीण हातात आहे तोवर पन्हाळांवरचे प्राणीही मुलांना शोधायला लावा.

प्रश्न : आम्हाला फक्त रविवारीच जमतं. मग जाऊच नये का? (पनवेल)

उत्तर : जरूर जा. जिना दिसणार नाही, पण उपनगरी तिकीट खिडक्यांचं दालन रोज उघडं असतं. ‘स्टार चेंबर’ म्हणतात त्याला, छतावरच्या ताऱ्यांमुळे. तिथे गर्दी खांद्याला खांदा लावून पुढे सरकते, म्हणून रांगेत मधे थांबू नका. बाजूच्या खांबाला टेकून उभे राहा आणि छत बघा. रविवारी सकाळी ते निवांत मिळतं.

बाहेरच्या दर्शनासाठी वेळ मात्र दुपारची धरा. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे: सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि नक्षी काळवंडते, दुपारी 4 नंतर तेच ऊन समोरून पडून मालाडचा पिवळसर दगड उजळतो. समोरची महापालिकेची इमारत स्टीव्हन्स यांचीच, 1893 ची. तिच्या बाजूच्या पदपथावर उभं राहिलं की पूर्ण सीएसएमटी एका नजरेत मावते. रस्ता ओलांडायला भुयारी मार्गच वापरा. संध्याकाळी रोषणाई सुरू होते; पाहायला सुंदर, पण रंगीत उजेडात कोरीवकाम सपाट दिसतं, म्हणून चेहरे आणि पन्हाळ त्याआधीच पाहून घ्या.