गालावरचे डाग आणि लेसर

प्रश्न : आमची सून चिनी वंशाची, सिंगापूरला असते. गालांवरच्या डागांसाठी लेसर करायचं म्हणते. धोका आहे का?

उत्तर : आहे, पण टाळता येतो. चिनी त्वचा बहुधा फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर (त्वचेचा रंग आणि उन्हाला तिचा प्रतिसाद यांवरून 1 ते 6 प्रकार) 3 किंवा 4 प्रकारची. उष्णतेने दुखावली की तिथे तपकिरी डाग उरतो. म्हणून आधी निदान. होरी नीव्हस (गालांवरचे निळसर-तपकिरी ठिपके) खोलवर असतो, लेसरने फिका होतो. वांग मात्र उलट गडद होऊ शकतो. आणि दोन्ही एकाच गालावर असतात, हीच गोम! 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित, पण वरचेवर मारला तर पांढरे ठिपके उमटतात. आधी कानापुढे छोटी चाचणी घेऊन 4 आठवडे थांबावं. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं क्रीम) आठवडाभर आधी बंद. नंतर साधं मॉइश्चरायझर, आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड एसपीएफ 50 सनस्क्रीन दोन बोटं भरून. खपली सोलू नये.