सीमा पाठीशी असूनही हार का झाली?

प्रश्न : ग्रीसच्या यादवी युद्धात (१९४६-४९) कम्युनिस्ट बंडखोरांकडे डोंगर होते आणि पाठीशी अल्बानिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया होते. युगोस्लाव्हियाचा नेता टिटो याने आपली सीमा बंद केली म्हणूनच ते हरले का?

उत्तर : तारखा पाहिल्या तर तसे म्हणता येत नाही. सीमा बंद करण्याची घोषणा जुलै १९४९ची, आणि ऑगस्टअखेर लढाई संपलीसुद्धा. फौज आधीच पोखरलेली नसती, तर इतक्या लवकर कोसळली नसती.

सीमेचा आधार मोठा होता, यात शंका नाही. जखमींवर पलीकडे उपचार होत, दारूगोळा तिकडूनच येई. १९४८च्या उन्हाळ्यात ग्रामोस डोंगराला सरकारी सैन्याने वेढले, तेव्हा बंडखोर ऑगस्टमध्ये रातोरात निसटून विट्सीच्या डोंगरात गेले. पण भाकरी, बातमी, खेचरे आणि नवी तरुण मंडळी सीमेपलीकडून मिळत नाहीत. ती गावातूनच मिळतात. सरकारने डोंगराळ गावेच रिकामी केली. सुमारे सात लाख माणसे घरादाराला मुकली. हा उपाय अमानुष होता, आणि बंडखोरांचा कणा त्यानेच मोडला. मग त्यांनी सक्तीची भरती सुरू केली, आणि पकडून आणलेला माणूस संधी मिळताच पळतो.

दुसरे कारण म्हणजे बंडखोरांची स्वतःची चूक. सेनापती मार्कोस वाफियाडिस याचा भर छोट्या, हलत्या तुकड्यांवर होता. पक्षनेता झाखारियाडिस याला नियमित सैन्य आणि ताब्यातला मुलूख हवा होता. डिसेंबर १९४७मध्ये कोनित्सा शहर घेण्याचा प्रयत्न फसला, तरी धोरण बदलले नाही. १९४९च्या सुरुवातीला मार्कोसलाच बाजूला केले. आता ग्रामोस-विट्सीत ओंडके आणि मातीचे मोर्चे बांधून जागा राखायची, असे ठरले. जागा राखणारा शत्रूला सापडतो. सरकारी सेनापती पापागोसने आधी दक्षिणेकडचा मुलूख मोकळा केला, मग सारे बळ उत्तरेला आणले. १० ऑगस्टला विट्सीवर हल्ला झाला आणि आठवड्याभरात तो डोंगर पडला. महिनाअखेर ग्रामोसही पडला. तिथे अमेरिकेने दिलेली हेलडायव्हर विमाने बॉम्ब टाकत होती.

प्रश्न : मग सीमा बंद झाल्याचा परिणाम काय?

उत्तर : ग्रामोस-विट्सीतून पळवाट एकच उरली, अल्बानियाची. तिथे पोहोचलेल्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली. पुढे त्यांच्यापैकी हजारो जणांना सोव्हिएत संघातल्या ताश्कंदला नेऊन वसवले.