नागपूरकडचं जुनं जेवण आरोग्याला खरंच चांगलं असतं का?

बदलीमुळे तुम्ही नागपूरला आलात, वडिलांना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी जेवणात ज्वारी वाढवायला सांगितली आहे. हे जुनं जेवण खरंच चांगलं की नुसती हवा, छोट्या शेतकऱ्याकडून घेतल्याने काही फरक पडतो का, आणि लाखोळीची (लाखेची) डाळ खावी का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. कुही तालुक्यात आमचं सासरचं तीन एकर वावर आहे आणि घर नागपुरात, त्यामुळे पिकवणं आणि रांधणं दोन्ही जवळून बघते. तेवढ्याच भरवशावर लिहितेय.

आधी ज्वारी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह दिलंय. पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमच्या आत आणि लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे डॉक्टरांचं बरोबर आहे. पण याच ज्वारीत १०० ग्रॅममागे ६८ ग्रॅमच्या आसपास पिष्ट पदार्थही असतात, ज्यांची पोटात साखरच होते, ते कोणी सांगत नाही. माझ्या दिरांना साखर निघाली तेव्हा त्यांनी पोळी सोडली आणि बटाट्याच्या भाजीशी तीन-तीन भाकरी खायला लागले. दोन महिन्यांनी तपासलं तर साखर जिथल्या तिथे! भाकर हे औषध आहे असं त्यांनी धरलं होतं. मग सासूबाईंनी ताट त्यांच्या पद्धतीचं केलं: दीड भाकर, तुरीचं वरण, वाटीभर आंबाडीची नाहीतर तरोट्याची (टाकळ्याची) भाजी, काकडी किंवा मुळा, आणि चमचाभर जवसाची चटणी. गोळ्या सुरूच राहिल्या, चालणंही सुरू झालं, पण जेवणानंतरचा आकडा खाली आला. एका घरचा अनुभव आहे, पुरावा म्हणून धरू नका.

तरी त्या ताटामागे कारण आहे. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातलं लायसिन ज्वारीत कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन नावाचा दुसरा घटक कमी, तो धान्यात मिळतो. झुणका-भाकर किंवा वरण-भाकर एकत्र खाल्लं की दोघांची उणीव भरून निघते. भाकरीतलं लोह तसं अंगी कमी लागतं, पण सोबत लिंबू पिळलं, काही आंबट असलं की जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होतं. म्हणून वडिलांचा जेवणानंतरचा चहा तासभर लांबवा. (मुतखड्याचा त्रास असेल तर आंबाडी बेताने, तिच्यात ऑक्झलेट असतं.)

जवसाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नागपूरला राहून जवस न खाणं मला पटत नाही. इथल्या कृषी महाविद्यालयाने जवसाची वाणं काढली आहेत, ‘एनएल’ नावाची, त्यातला ‘एन’ नागपूरचा. जवसात ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्ल असतं आणि शाकाहारी घरात ते मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. पण अख्खा जवस खाऊन उपयोग नाही, तसाच बाहेर पडतो. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून कुटा आणि आठवड्यापुरतीच चटणी करा. कुटलेला जवस लवकर खवट होतो. महिन्याची एकदम करून ठेवली की शेवटी तेलकट वास येतो आणि घरातले ती खाणंच सोडतात.

आता छोट्या शेतीचं. पूर्वी आमच्या वावरात पराटीच्या (कपाशीच्या) सहा-आठ तासांमागे (ओळींमागे) तुरीचं एक तास असायचं, मधे मूग-उडीद, धुऱ्यावर (बांधावर) आंबाडी, एका बाजूला जवारी, आणि हिवाळ्यात थोडा जवस. शेत घरासाठी पिकत होतं म्हणून ताटात सात-आठ जिनसा येत होत्या. मग सोयाबीन आलं आणि जवारी गेली. त्यात आमची चूक होती असं मी म्हणणार नाही. जवारीला पाखरांची राखण लागते, रानडुकरं रात्रीत पीक लोळवतात, आणि कणसं भरताना पाऊस झाला तर दाणा काळा पडतो. सोयाबीनचे पैसे दिवाळीला हातात यायचे. पण घरचं धान्य विकतचं झालं, कडबा संपला, कडबा संपल्यावर गाय विकली, आणि गाय गेल्यावर घरचं ताकही गेलं. ताट असं एकेक वाटी करून रिकामं झालं. चार वर्षांपूर्वी आम्ही अर्धा एकर पुन्हा जवारीला दिला. एका वर्षी पिवळा मोझॅक रोग पडून सोयाबीन बसलं, तेव्हा घरात खायला जवारी आणि तूर तरी होती.

म्हणून छोट्या शेतकऱ्याकडून घेतल्याने फरक पडतो, असंच माझं उत्तर आहे. आंबाडी, तरोटा, धोपा (अळू), लाखोळीचा पाला हे मोठ्या दुकानात येत नाही. ते विकणारी बाई आठवडी बाजारात खाली पोतं टाकून बसते. तिच्याकडून घेणारं कोणी नसेल तर पुढच्या वर्षी ती आंबाडी पेरणार नाही. मात्र छोट्या शेतातलं म्हणजे बिनविषारी, असं समजू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, ते बहुतेक असेच छोटे लोक होते. आरोग्याचं बोलताना मला तेही आठवतं. भाजी घेताना फवारणी कधी केली ते सरळ विचारा. दोन-चार वेळा त्याच बाईकडून घेतलं की ती खरं सांगते. बुधवार बाजारात सकाळी लवकर गेलात तर ओळख करून घ्यायला वेळ मिळतो. पावसाळ्यात कृषी विभागाचा रानभाज्यांचा महोत्सव असतो, तिथे न ओळखीच्या भाज्या नावासकट दिसतात.

हॉटेलातलं झणझणीत, तेलाचा तवंग असलेलं सावजी म्हणजे नागपूरचं रोजचं जेवण असं बाहेरून येणाऱ्यांना वाटतं. ते कोष्टी समाजाचं खास रांधणं आहे, मलाही आवडतं, पण वडिलांचं पथ्य ठरवताना ते बाजूला ठेवा.

राहिली लाखोळी. पूर्व विदर्भात धान उभा असतानाच ओल्या बांधीत (धानाच्या शेतात) तिचं बी फेकतात, ना नांगरट, ना पाणी, ना खत. गरिबाची डाळ. पण तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. दुष्काळात महिनोन्‌महिने दुसरं काहीच न मिळता फक्त हीच डाळ खाल्लेल्या लोकांचे पाय लुळे पडले आहेत, मध्य प्रदेशातल्या रेवा भागात तर पुष्कळ. म्हणून १९६१ पासून अनेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने पुढे ती उठवली. ओडॅप पाण्यात विरघळतं, म्हणून सासूबाई डाळ गरम पाण्यात भिजवतात, ते पाणी फेकतात, पुन्हा धुतात आणि मगच वड्यांसाठी वाटतात. आमच्याकडे ती सणावाराला, पाहुण्यांना, महिन्यातून एखादवेळी होते. तुमच्या वडिलांसाठी मी लाखोळीपासून सुरुवात करणार नाही. वरण तुरीचं, झुणका हरभऱ्याचा, आणि लाखोळीचे वडे कोणी घरी बोलावून खाऊ घातले तर दोन खुशाल खाऊ द्या.