मुन्नारचं बजेट: हॉटेल नेमकं कुठे आहे ते आधी बघा

घोडबंदर रोडवरून चौघे, चार रात्री, 'मुन्नार' हॉटेल आणि फिरायला गाडी मिळून 32 हजारांचं पॅकेज, ट्रेन वेगळी, एवढ्यात भागेल का, असं विचारलंय तुम्ही. वाचून पोटात गोळाच आला. फेब्रुवारी 2023 मध्ये आम्ही जवळपास हेच पॅकेज घेतलं होतं, ठाण्यातल्याच एका ऑफिसातून. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

स्वेटर, औषधं वगैरे तुम्ही बघालच. माझं सांगणं एकच: पैसे भरायच्या आधी हॉटेलचा पत्ता नकाशावर टाका. मुन्नारच्या नावावर विकली जाणारी कितीतरी हॉटेलं आनच्चाल, चिन्नक्कनालकडे असतात, बाजारापासून पंधरा-वीस किलोमीटरवर. घाटातले पंधरा किलोमीटर म्हणजे संध्याकाळचा घोडबंदर रोड समजा.

आमची गाडी पाचला सोडून जायची. मग आजूबाजूला चहाचे मळे, धुकं आणि हॉटेलचं एकुलतं एक किचन. पहिल्या रात्री चौघांचा डाळ-भात, चपात्या आणि एक बटाट्याची भाजी, बिल 1,480. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, बाजारात जाऊन जेवू. रिक्षावाल्याने थांबण्यासकट जाऊन-येऊन 1,200 सांगितले. त्या अंधारात त्याला तासभर ताटकळत बसायचं होतं, त्यामुळे त्यालाही काय बोलणार! चार रात्रींत सहा हजारांच्या वर असेच गेले. शिवाय ड्रायव्हरचा भत्ता, पार्किंग, प्रवेश तिकिटं, सगळं एक्स्ट्रा. ऑफिसला फोन केला तर उत्तर, "सर, व्हाउचरवर लिहिलंय की." लिहिलं होतं खरं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

त्यात एरविकुलम बंद! निलगिरी ताहर या डोंगरातल्या रानबकऱ्यांच्या विणीचा काळ म्हणून ते पार्क साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद ठेवतात. आमच्या कागदावर मात्र 'दिवस दुसरा, एरविकुलम' झोकात छापलेलं. त्याऐवजी ड्रायव्हरने दीड तास मसाल्याच्या दुकानात बसवलं. आणि कुणी नीलकुरिंजीचे निळे डोंगर दाखवून भाव वाढवत असेल तर हसून सोडून द्या. ती झुडपं बारा वर्षांनी एकदाच फुलतात, 2018 मध्ये फुलली, आता थेट 2030.

मला विचाराल तर पॅकेज घेऊच नका. नेत्रावती एक्सप्रेस ठाण्याला थांबते, कोचीजवळच्या आलुव्याला उतरायचं. तिथून मुन्नार साधारण 110 किलोमीटर, बस मिळते, चार-पाच तास धरा. ट्रेनचं रिझर्व्हेशन हल्ली 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी बसाच. राहायला बाजाराजवळ घ्या. खिडकीतून समोरच्या लॉजचं वाळत घातलेलं धुणं दिसेल, दिसू दे. मळे दिवसभर बघायचेच आहेत. फिरायला केरळ एसटीच्या डेपोत साइटसीइंग बसची चौकशी करा, पण सोबत म्हातारी माणसं किंवा गाडी लागणारी मुलं असतील तर आपली गाडीच बरी. हनिमूनवाल्यांचं मत वेगळं असेल, मी संसारी माणसाचा हिशोब सांगतोय. आकडेही माझ्या वेळचे, आता वाढलेच असणार.

जाता जाता, टी म्युझियम सोमवारी बंद असतं. आणि चहा घेताना आपल्या उकळून दूध घालायच्या चहाला सीटीसी (दाणेदार) नाहीतर डस्ट (बारीक भुकटी) असाच घ्या. मी लाकडी डब्यातला भारी ऑर्थोडॉक्स, म्हणजे अख्ख्या पानांचा हलका चहा, आणला होता. आईने एकदाच केला, "पाणी का देतोयस?" म्हणाली. डबा अजून अर्धा आहे.