दुसऱ्या डिव्हिजनचा करार

प्रिय खेळाडू,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. कॉलेज बास्केटबॉलचा शेवटचा सीझन संपला, एनबीएकडून, म्हणजे अमेरिकेच्या सर्वात मोठ्या लीगकडून, विचारणा नाही आणि हातात आहे तो इटलीतल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबचा करार. एवढ्यासाठीच घाम गाळला का, असं तू विचारतोस. त्यावर तुला काइल हाइन्सबद्दल सांगतो.

न्यू जर्सीचा हा मुलगा. उंची ६ फूट ६ इंच, खेळायचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळची, एरवी सर्वात उंच खेळाडूची जागा. नॉर्थ कॅरोलायना ग्रीन्सबरो विद्यापीठाकडून त्याने २००० च्या वर गुण केले, १००० च्या वर रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे परतलेले चेंडू, घेतले. तरी २००८ च्या ड्राफ्टमध्ये, एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याला कुणी घेतलं नाही. सेंटर म्हणून तो बुटका ठरला. मग तो इटलीत व्हेरोलीला गेला. रोमच्या आग्नेयेला डोंगरावर वसलेलं छोटं गाव, संघ दुसऱ्या डिव्हिजनचा. दोन सीझन तिथे काढले, मग एक जर्मनीत बाम्बर्गकडून, आणि मग ग्रीसच्या ऑलिम्पियाकोस क्लबचं बोलावणं आलं. युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा; तिची इस्तंबूलची २०१२ ची फायनल सवड काढून पूर्ण बघ. १९ गुणांनी मागे पडलेला त्याचा संघ ६२-६१ असा जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच विजेते. नंतर सीएसकेए मॉस्कोकडून २०१६ आणि २०१९. युरोलीगची चार विजेतेपदं, आणि एनबीएचा एकही सामना नाही.

बघताना चेंडूवर नजर ठेवू नकोस, त्याचे पाय बघ. समोरचा गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा चपळ खेळाडू, स्क्रीनवरून (साथीदाराने उभ्या केलेल्या आडोशावरून) सुटून येतो, हाइन्स स्विच करून, म्हणजे आपला माणूस सोडून, त्याच्यासमोर उभा राहतो. कंबर खाली, हात पसरलेले, पावलं छोटी आणि कधीच एकमेकांत न अडकणारी. गार्डला वाट मिळत नाही, शॉट घेण्यासाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांचं घड्याळ पळत राहतं. समोरच्यांकडे पुन्हा चेंडू आला की तोच माणूस आपल्यापेक्षा वीतभर उंच सेंटरला बॉक्स आउट करतो, म्हणजे रिबाउंडसाठी अंगाने मागे रोखून धरतो. कमी उंचीमुळे ज्याला नाकारलं, त्याला युरोलीगने तीनदा सर्वोत्तम बचावपटू ठरवलं. बुटका सेंटर हीच तिथे त्याची किंमत झाली, कारण तो पाचही जागांच्या खेळाडूंना अडवू शकायचा. तुझ्या खेळात हे बीज मला दिसतं, म्हणून एवढं लिहितोय.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जा. मोठ्या क्लबच्या बेंचवर बसण्यापेक्षा जिथे रोज तीस मिनिटं खेळायला मिळतील तिथे जा.

पण डोळे उघडे ठेवून. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे संघ हरायला लागला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. पहिल्या दोन महिन्यांतच हा ताण जाणवेल. छोट्या क्लबांत पगार लांबतो. करारात पगाराच्या तारखा, घर, विमा आणि दुखापत झाल्यावर काय, हे सगळं लिहून घे. वाद झालाच तर तो बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे जाईल असं कलम हवंच. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, २००७ मध्ये हे लवाद मंडळ अशाच तंट्यांसाठी काढलं, पण करारात त्याचं नाव नसेल तर ते तुझं प्रकरण हाती घेत नाही. एजंट म्हणेल, नंतर बघू. ऐकू नकोस.

आईबाबांशी मी बोलतो. तू सही करण्याआधी कराराची पानं मला पाठव, सगळी, शेवटचं परिशिष्टसुद्धा.

तुझा,
सर